बेडकाच्या शेपटीतली कात्री

बेडकाचे पिल्लू मोठे होताना त्याची शेपटी गळून पडत नाही, जागच्या जागी विरते. १९६२ साली जेरोम ग्रॉस आणि शार्ल लापिएर यांना त्या शेपटीत कोलॅजेन, म्हणजे पेशींभोवतीचे आधार देणारे प्रथिन, कापणारे विकर (एन्झाइम) सापडले. एमएमपी (मॅट्रिक्स मेटॅलोप्रोटिनेज) नावाच्या या कुळातली २३ विकरे माणसाच्या शरीरात आहेत. प्रत्येकाच्या गाभ्यात जस्ताचा अणू असतो आणि कापण्याचे काम त्याच्याच जोरावर चालते. एरवी विकराच्या साखळीचाच सुमारे ८० अमिनो आम्लांचा तुकडा जस्तापुढे आडवा बसलेला असतो. तो तुटला की विकर जागे होते.

हीच विकरे कर्करोगातही भेटतात. स्तनातल्या नळीत वाढणारी कर्करोगाची गाठ चौथ्या प्रकारच्या कोलॅजेनच्या पातळ पडद्याआड असते, तोवर ती काढून टाकणे बरेच सोपे. हा पडदा कापण्यात एमएमपी-२ आणि एमएमपी-९ पुढे असतात. एमएमपी-२ ला जागे करते पेशीच्या अंगावर रोवलेले एमएमपी-१४. गंमत म्हणजे त्यासाठी टिम्प-२ हे प्रथिन लागते, जे खरे तर या विकरांचा लगाम आहे! थोडे असेल तर ते दोघांना जोडणारा दुवा होते, जास्त झाले तर काम थांबवते. शिवाय ही विकरे बरीचशी कर्कपेशी स्वतः बनवतच नाहीत. शेजारच्या निरोगी पेशींकडून बनवून घेतात.

प्रयोगशाळेत ही विकरे पाहायची तर जेलमध्ये कोलॅजेनपासूनच बनणारे जिलेटिन मिसळतात, नमुना विजेच्या जोरावर त्यातून धावू देतात आणि कॅल्शियमच्या द्रावणात ३७ अंशांवर रात्रभर ठेवतात. निळा रंग दिल्यावर जिथे जिलेटिन खाल्ले गेले तिथे पांढरा पट्टा उरतो. सवयीने नमुना उकळला की विकर मेले, पट्टा गायब. आणखी एक फसगत: झोपलेले विकरही या जेलमध्ये उलगडून कापू लागते. म्हणून पट्टा दिसला एवढ्यावरून ते गाठीतही जागे होते असे म्हणता येत नाही. आकारही पाहावा लागतो, जागे विकर थोडे लहान असते.

मग विकरच रोखले तर? १९९० च्या दशकात मॅरिमास्टॅट हे औषध आले. ते जवळजवळ सगळ्याच एमएमपींना अडवत होते. रुग्णांचे सांधे आखडले, विशेषतः खांदे, आणि आयुष्य काही वाढले नाही. चाचण्या बहुतांशी पुढच्या टप्प्यातल्या रुग्णांवर झाल्या होत्या. त्यांच्यात पडदा केव्हाच फाटलेला होता. पुढे आणखी एक गोष्ट उघड झाली: एमएमपी-८ नसलेल्या नर उंदरांना त्वचेच्या गाठी जास्त झाल्या. म्हणजे सरसकट बंदीत गाठी रोखणारा राखणदारही अडकत होता.