टाचा धरणारा कुत्रा: वेल्श कॉर्गीची पार्श्वभूमी

मुंबई-पुण्याच्या सोसायट्यांमध्ये अलीकडे कॉर्गी दिसायला लागले आहेत. लांबट धड, वीतभर पाय, उभे कान, कोल्ह्यासारखं निमुळतं तोंड. रील्समध्ये बघून हौसेनं आणलेल्या या पिल्लाबद्दलच्या तक्रारी मात्र ठरलेल्या असतात. पोरं पळायला लागली की हा मागून जाऊन टाचेला तोंड लावतो. भुंकतो फार. आणि केस इतके झडतात की झाडू खाली ठेवायची सोय नाही. घरच्यांना वाटतं, आपलंच पिल्लू बिघडलेलं निघालं. खरं तर या साऱ्या गोष्टी या जातीत पिढ्यानपिढ्या जोपासलेल्या आहेत, आणि त्या कशासाठी ते वेल्सच्या नैऋत्य भागात गेलं की कळतं.

पेम्ब्रोकशर आणि कार्डिगनशर हे तिथले दोन जुने जिल्हे. टेकड्या, बारमाही पाऊस, गवताळ माळ आणि काळी, काटक गुरं. कॉर्गी हा मूळचा याच गुरांमागचा कुत्रा. बॉर्डर कॉली मेंढरांवर नजर रोखून त्यांना वळवतो. गायीबैलांवर नजरेचा तसा जोर चालत नाही. कॉर्गी मागून जातो, मागच्या पायाच्या टाचेला दात लावतो आणि लगेच जमिनीसरसा होतो. जनावर लाथ झाडतं ती याच्या डोक्यावरून जाते. उंच कुत्र्याला हे जमलं नसतं. भुंकणंही कामाचंच होतं. अडीचशे-तीनशे किलोच्या जनावराला मागे दहा-बारा किलोचं काहीतरी आहे हे कळायला दुसरा मार्ग कुठला?

आपल्याकडच्या धनगरांच्या कुत्र्याचं काम मुख्यतः राखणीचं: रात्री वाड्यावर लांडगा आला तर अंगावर जायचं. मेंढरं वळवायला धनगर स्वतः असतो. त्यामुळे टाच धरणारा कुत्रा आपल्या ओळखीतला नाही, आणि तो दिसला की ‘चावरा’ असा शिक्का बसतो.

वेल्समध्ये त्याच्या कामाची आणखी एक गोष्ट सांगतात. शेतकऱ्याला घराभोवतीची थोडीच जमीन कुंपणात घेता यायची. बाकीचा माळ राजसत्तेच्या मालकीचा आणि सगळ्यांच्या चराईचा. चांगलं गवत कोणाच्या गुरांना मिळणार, यावरून शेजाऱ्याशेजाऱ्यांत चढाओढ. कॉर्गीला शेजाऱ्याच्या गुरांवर सोडायचं आणि त्यांना लांब पिटाळायचं. माळांना कुंपणं पडली तसं हे काम संपलं.

दुसरं काम होतं बाजाराच्या वाटेवरचं. रेल्वे येण्यापूर्वी वेल्सची गुरं पायी चालत इंग्लंडच्या बाजारांत जायची, पार लंडनच्या स्मिथफिल्डपर्यंत. शेकडो जनावरांचा तांडा, घोड्यावर हाके, म्हणजे गुरं हाकून नेणारे, आणि मागे कुत्रे. वाट इतकी लांबची की निघण्यापूर्वी गुरांच्या खुरांना लोखंडी पत्र्या ठोकत. खूर दुभंगलेला, म्हणून एका खुराला दोन पत्र्या, आपल्याकडे बैलांना ठोकतात तशाच. बाजारात न्यायच्या हंसांचे पाय आधी डांबरात आणि मग वाळूत बुडवून काढत, म्हणजे तळव्यांना जाड थर बसे. या हाक्यांच्या हातून एवढा पैसा फिरायचा की १७९९ मध्ये लँडोव्हरी गावात एका हाक्यानं चक्क बँक काढली. ‘काळ्या बैलाची बँक’ म्हणून ती प्रसिद्ध होती आणि १९०९ मध्ये लॉइड्स बँकेत विलीन झाली. अशा तांड्यांमागे कॉर्गी असत, असं तिथली परंपरा सांगते. एकोणिसाव्या शतकात आगगाडी आली, गुरं डब्यातून जायला लागली आणि हाक्यांबरोबर त्यांच्या कुत्र्यांचंही काम गेलं.

जात किती जुनी, यावर वेल्श माणूस तासभर बोलू शकतो. परीकथेत पऱ्या कॉर्गीवर बसून फिरतात आणि त्याच्या पाठीवरचा गडद पट्टा म्हणजे त्यांच्या खोगिराची खूण. कोणी म्हणतं व्हायकिंगांनी आणला, कोणी म्हणतं ११०७ च्या सुमारास आलेल्या फ्लेमिश विणकरांनी. ठोस पुरावा यातल्या कशालाच नाही. मला जास्त भावतो तो वेल्सचा राजा हवेल दा याच्या नावानं ओळखला जाणारा मध्ययुगीन कायदा. सकाळी गुरांच्या पुढे जाणारा आणि संध्याकाळी त्यांच्या मागून घरी येणारा कुत्रा हा सगळ्यात चांगल्या बैलाच्या किमतीचा, असं त्यात धरलं आहे. तो कुत्रा कॉर्गीच होता असं त्यात कुठेही नाही, पण गुराख्याच्या कुत्र्याची पत काय होती ते त्यातून कळतं.

आखूड पायांचं गूढ मात्र बऱ्यापैकी उकललं आहे. २००९ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी दाखवून दिलं की कॉर्गी, डॅशहुंड, बॅसेट हाउंड अशा बुटक्या जातींमध्ये एफजीएफ४ या जनुकाची एक जादा प्रत असते. तिच्यामुळे पायांची लांब हाडं लवकर वाढायची थांबतात. हा बदल कुत्र्यांच्या इतिहासात बहुधा एकदाच घडला आणि माणसानं तो ठिकठिकाणी उचलून धरला. २०१७ मध्ये त्याच जनुकाची आणखी एक जादा प्रत सापडली. ती मणक्यांमधल्या चकत्या अकाली कडक होण्याशी जोडलेली आहे, आणि कॉर्गीच्या पेम्ब्रोक या प्रकारात तीही आढळते.

शेतावरून कॉर्गी प्रदर्शनाच्या रिंगणात आला तो १९२५ साली. त्याच वर्षी कार्मार्थनमध्ये कॉर्गी क्लब निघाला. अडचण अशी की पेम्ब्रोक आणि कार्डिगन हे दोन वेगळे प्रकार एकाच जातीत मोजले जात. कार्डिगन थोडा मोठा, गोल टोकाच्या कानांचा, झुपकेदार लांब शेपटीचा. पेम्ब्रोक हलका, टोकदार कानांचा, बहुधा शेपूट कापलेला. परीक्षकाचा कल असेल तिकडे बक्षीस जायचं आणि बाहेर भांडणं व्हायची. अखेर १९३४ मध्ये कुत्र्यांच्या जातींची नोंद ठेवणाऱ्या ब्रिटनच्या केनेल क्लबनं त्या दोन जाती मानल्या. त्या पहिल्या नोंदणीत पेम्ब्रोक २४० होते आणि कार्डिगन फक्त ५९. कार्डिगन तेव्हापासून मागे आहे तो आहेच.

पेम्ब्रोकचं नशीब उघडलं ते राजवाड्यामुळे. १९३३ मध्ये यॉर्कच्या ड्यूकनं, म्हणजे पुढच्या सहाव्या जॉर्जनं, मुलींसाठी ‘डूकी’ नावाचा कॉर्गी घेतला. १९४४ मध्ये अठराव्या वाढदिवसाला थोरल्या मुलीला, म्हणजे पुढच्या राणी एलिझाबेथला, ‘सुझन’ मिळाली. १९४७ मध्ये लग्नानंतर एलिझाबेथ आणि फिलिप मधुचंद्राला निघाले तेव्हा बग्गीतल्या पांघरुणाखाली सुझनही होती. तिच्या वंशाच्या चौदा पिढ्या राणीकडे वाढल्या. शेवटची ‘विलो’ २०१८ मध्ये गेली. हे सगळं छायाचित्रांत गोंडस दिसतं. पण याच सुझननं राजवाड्यातल्या घड्याळांना किल्ली देणाऱ्या माणसाच्या पायाचा चावा घेतला होता, आणि १९९१ मध्ये कॉर्गींची मारामारी सोडवताना खुद्द राणीच्या हाताला टाके पडले. राजवाड्यात जन्मला म्हणून हाकणाऱ्या कुत्र्याचा स्वभाव जात नाही.

लोकप्रियतेचा आलेखही राजवाड्याशीच बांधलेला. ब्रिटनमध्ये १९६० मध्ये ८,९३३ पेम्ब्रोकची नोंद झाली, आणि २०१४ मध्ये अवघ्या २७४. वर्षाला तीनशेच्या खाली गेलेली देशी जात धोक्यातली मानायची असा तिथला नियम, त्यामुळे कॉर्गी त्या यादीत गेला. पुढे राणीच्या आयुष्यावरची मालिका गाजली, पिल्लांना मागणी वाढली आणि २०१८ पर्यंत जात यादीतून बाहेर आली. मधल्या काळात २००७ पासून इंग्लंड-वेल्समध्ये हौसेखातर शेपूट कापायला बंदी आली, म्हणून आता तिथले पेम्ब्रोक शेपटीसकट दिसतात. काही पिल्लं जन्मतःच आखूड शेपटीची असतात, ती वेगळी.

आता आपल्या घरातल्या कॉर्गीकडे. दिवसभर गुरांमागे धावणाऱ्या या जनावराची भूक तशीच राहिली आहे, धावणं मात्र संपलं. प्रमाण वजन नराचं १० ते १२ किलो, मादीचं ९ ते ११. प्रत्येकानं जेवताना चपातीचा एकेक तुकडा टाकला की चार माणसांच्या घरात कॉर्गी वर्षभरात पंधरा किलोवर जातो, आणि तो सगळा भार त्या लांब पाठीवर येतो. बोटं फिरवली की फासळ्या हाताला लागल्या पाहिजेत. नुसतं बघून चालत नाही, केसांखाली चरबी लपते. सोफ्यावरून उड्या मारू देऊ नयेत, जिने कमीत कमी. उचलताना एक हात छातीखाली आणि दुसरा मागच्या भागाखाली. पुढच्या बगलांत धरून लोंबकळत उचलणं हा या जातीवर अन्यायच आहे. पाठ कमानीसारखी झाली, उचलताना ओरडला किंवा मागचे पाय लटपटले तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

टाच धरण्यावर मारणं हा उपाय नाही. चेंडू, वास शोधायचे खेळ, ‘सोड’ आणि ‘थांब’ हे शब्द पिल्लूपणापासून, आणि पळणाऱ्या पोरांना सांगणं की तो मागे लागला तर उभं राहा. हललं नाही की त्याला हाकायला काही उरत नाही.

केस दुहेरी असतात: आत मऊ, दाट लव आणि वर पाणी झटकणारा थर. तो वेल्सच्या पावसासाठी आहे. उन्हाळ्यात मशीन फिरवून भादरणं मात्र चुकीचं. वरचा थर उन्हापासूनही वाचवतो आणि भादरलेला नीट परत येतोच असं नाही. रोज विंचरावं, फिरायला पहाटे आणि रात्री न्यावं, दुपारी गॅलरीत कोंडू नये. पावसाळ्यात पोट जमिनीपासून चार बोटांवर असल्यानं चिखल थेट तिथे लागतो. धुऊन पूर्ण कोरडं करावं आणि मांड्यांच्या सांध्यात गोचीड बघावी. लेप्टोची, म्हणजे साचलेल्या पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसची लस चुकवू नये.

पिल्लू घेताना आई-बाप प्रत्यक्ष पाहावेत. लांब केसांचं ‘फ्लफी’ पिल्लू दुर्मीळ म्हणून चढ्या भावानं विकतात, पण जातीसाठी ठरवलेल्या मानकात तो दोष धरतात आणि त्या केसांचा गुंता रोज सोडवावा लागतो. पैसे घालायचेच तर आई-बापांच्या डीएनए तपासणीत घालावेत. मज्जारज्जूचा एक आजार या जातीत आढळतो. उतारवयात मागचे पाय हळूहळू निकामी होतात. वेदना नसतात आणि औषधही नसतं. त्याच्याशी जोडलेला जनुकीय बदल २००९ मध्ये सापडला, तो पेम्ब्रोकसह पाच जातींमध्ये. दोन्ही बाजूंनी तो बदल आलेलं प्रत्येक पिल्लू आजारी पडतंच असं नाही, पण धोका वाढतो. विकणाऱ्याकडे तपासणीचा अहवाल मागावा. तो नसेल तर निदान पिल्लाचे आजी-आजोबा कोणत्या वयापर्यंत आपल्या पायांवर चालत होते, एवढं तरी विचारावं.