सेल्फ कुठे, डायनमो कुठे: गाडी दुरुस्तीच्या गेममधला चकवा

‘कार मेकॅनिक सिम्युलेटर २०२१’ खेळताना हा चकवा बहुतेकांना लागतो. गाडी सुरू होत नाही, बिघडलेला भाग स्टार्टर आहे हे कळलंय, दुकानातून नवा घेऊनही झालाय. पण बोनेट उघडून कितीही गोल गोल फिरलं तरी स्टार्टर काही दिसत नाही. दिसतो तो त्याच्याच अंगकाठीचा एक गोल डबा, आणि जवळ जावं तर नाव येतं अल्टरनेटर. माझा भाचा एका छोट्या हॅचबॅकपाशी असाच अर्धा तास अडला होता. त्याचा फोन आला तेव्हा मी एवढंच विचारलं, “तू इंजिनच्या कुठल्या टोकाला शोधतोयस?”

“बेल्टच्या, मामा.”

“मग तिथे तो जन्मात सापडायचा नाही.”

गॅरेजच्या भाषेत स्टार्टर म्हणजे सेल्फ आणि अल्टरनेटर म्हणजे डायनमो. खरा डायनमो, म्हणजे थेट डीसी वीज देणारा जुना जनरेटर, गाड्यांमधून केव्हाच गेला. अमेरिकेत क्रायस्लरने १९६०च्या व्हॅलियंटमध्ये अल्टरनेटर सरसकट द्यायला सुरुवात केली, मग हळूहळू बाकीचे त्या वाटेने गेले. पण आपल्याकडचे जुने इलेक्ट्रिशियन आजही “डायनमो चार्जिंग करत नाही” असंच म्हणतात, आणि मलाही तोच शब्द तोंडात बसलाय. गेममध्ये मात्र नावं स्टार्टर आणि अल्टरनेटर अशीच येतात, तेवढं लक्षात असू द्या.

हे दोघे सारखे दिसतात याला कारण आहे. दोघांच्या पोटात तांब्याच्या तारेचं वेटोळं म्हणजे वाइंडिंग, मध्ये फिरणारा गाभा, त्याला टेकून वीज पोचवणारे कार्बन. विजेने चुंबक फिरवला की मोटर, चुंबक फिरवून वीज काढली की जनरेटर. एकच तत्त्व, दोन उलट दिशांनी वापरलेलं. सेल्फ बॅटरीची वीज खाऊन इंजिन फिरवतो. डायनमोला इंजिन फिरवतं आणि तो बॅटरीला वीज परत देतो. म्हणून चेहरा बघून ओळखायला गेलात की फसलात. कोण कोणाला फिरवतंय हे विचारा, जागा आपोआप कळते.

डायनमोला इंजिन चालू असेपर्यंत सतत फिरायचं असतं. त्यासाठी बेल्ट लागतो, म्हणून तो इंजिनच्या त्या टोकाला असतो जिथे क्रँकची, म्हणजे इंजिनच्या मुख्य दांड्याची, पुली आहे. त्याची स्वतःची पुली क्रँकच्या पुलीपेक्षा बरीच लहान असते, त्यामुळे तो इंजिनच्या साधारण अडीच-तीन पट वेगाने पळतो. इंजिन नुसतं आयडलला असलं तरी चार्जिंग पुरेसं व्हावं, हा त्यामागचा हेतू.

सेल्फची गोष्ट अगदी वेगळी. त्याचं काम दोन-तीन सेकंदांचं, पण त्या सेकंदांत त्याला बंद पडलेलं जड इंजिन हलवायचं असतं. ती ताकद बेल्टने देता येत नाही, बेल्ट घसरेल. म्हणून इंजिनच्या दुसऱ्या टोकाला, गिअरबॉक्सच्या बाजूला, क्रँकवरच्या जड चाकाच्या, म्हणजे फ्लायव्हीलच्या, कडेवर दातेरी रिंग चढवलेली असते. सेल्फच्या तोंडाशी असतो नऊ-दहा दात्यांचा छोटा गिअर, म्हणजे पिनियन, आणि रिंगवर शंभराच्या वर दाते. म्हणजे पिनियनने दहा-बारा फेरे मारावेत तेव्हा इंजिन एकदा फिरतं. सायकलवर चढ चढताना आपण हलका गिअर टाकतो, तसंच.

आता हेच उलटं करून बघा. इंजिन सुरू होऊन ३००० फेऱ्यांवर गेलं आणि पिनियन रिंगमध्येच अडकून राहिला, तर सेल्फ मिनिटाला ३०,०००च्या वर फिरेल आणि आतलं वाइंडिंग उधळून जाईल. ते होऊ नये म्हणून पिनियन काम झालं की मागे सरतो, आणि सरायला क्षणभर उशीर झालाच तर त्याच्यातला एकदिश क्लच त्याला मोकळा फिरू देतो. ऑटो इलेक्ट्रिकच्या दुकानात हे एकदा डोळ्यांनी बघण्यासारखं असतं. सेल्फ व्हाइसमध्ये घट्ट आवळतात, बॅटरीची जाड वायर टेकवतात, आणि खट्कन पिनियन पुढे उडी मारून किंचाळत फिरू लागतो. वायर काढली की लगेच मागे. ही उडी ज्याने पाहिली, त्याला सेल्फ फ्लायव्हीलला चिकटून का बसतो हे पुन्हा समजावून सांगावं लागत नाही.

तर गेममधला शोध असा करा. आधी बेल्ट शोधा. तो वरून सहज दिसतो. बेल्ट ज्या टोकाला आहे तिथे अल्टरनेटर, आणि त्याच्या बरोबर विरुद्ध टोकाला गिअरबॉक्स आणि स्टार्टर. पुढच्या चाकांना ओढणाऱ्या छोट्या गाड्यांत इंजिन आडवं बसवलेलं असतं, म्हणून बेल्ट एका चाकाकडे आणि गिअरबॉक्स दुसऱ्या चाकाकडे येतो. मागची चाकं फिरवणाऱ्या जुन्या अमेरिकन व्ही-एटमध्ये, म्हणजे आठ सिलिंडरच्या गाड्यांत, इंजिन उभं, गाडीच्या लांबीच्या दिशेने असतं. तिथे बेल्ट रेडिएटरच्या तोंडाशी दिसेल आणि गिअरबॉक्स केबिनच्या खाली गेलेला असेल. अशा गाडीत बोनेटमध्ये डोकं घालून स्टार्टर शोधणं व्यर्थ आहे. गाडी लिफ्टवर घ्या, खाली जा, इंजिन संपून गिअरबॉक्सची घंटेसारखी पसरट टोपी जिथे सुरू होते तिथे कडेने बघा. टोपीला समांतर टेकलेली जाड नळी आणि तिच्या पाठीवर एक बारकी नळी, अशी जोडी दिसली की तोच स्टार्टर. बारकी नळी म्हणजे सोलेनॉइड, पिनियनला पुढे ढकलणारा. डायनमोच्या पाठीवर असं पिल्लू कधीच नसतं. माझ्या मते ओळखण्याची सगळ्यात पक्की खूण हीच.

डायनमोची खूण त्याच्या अंगावरच्या फटी. आत गरम होतं म्हणून कवचाला जाळीसारख्या खाचा ठेवलेल्या असतात आणि त्यातून तांबं चमकतं. बेल्टवरच पॉवर स्टिअरिंगचा पंपही असतो आणि घाईत तोही डायनमो वाटतो, पण पंपाचं अंग बंद असतं आणि त्याला पाइप जोडलेले असतात.

काढताना आणखी एक फरक कळतो. अल्टरनेटरवर बेल्ट ताणलेला असेपर्यंत तो हलत नाही, आधी बेल्ट उतरवावा लागतो. वाटेत कोण आडवं येतंय ते गेम लाल रंगाने दाखवतो. तो लाल भाग म्हणजे उपयोगाची खूण आहे, वैतागून जाऊ नका. स्टार्टरचं बेल्टशी काही देणंघेणं नाही. त्याचं नातं गिअरबॉक्सशी. क्लच बदलायला गिअरबॉक्स उतरवायचा तर आधी स्टार्टर काढावा लागतो. म्हणून ज्याला स्टार्टरची जागा कायमची डोक्यात बसवायची आहे त्याने क्लचची दोन-तीन कामं ओळीने घ्यावीत.

बिघाड दोघांपैकी कोणाचा, यावरही थोडं. ग्राहक सांगतो “गाडी सुरू होत नाही”, आणि इथे दोघांवरही संशय येतो. किल्ली फिरवल्यावर नुसतं ‘टक’ वाजून शांतता, आणि हेडलाइट मात्र लख्ख, तर संशय सेल्फवर. कार्बन संपलेले असतात किंवा सोलेनॉइडचे संपर्क जळलेले. रस्त्यात अडकलेले जुने ड्रायव्हर अशा सेल्फवर पान्याने दोन हलके ठोके मारून गाडी सुरू करतात, कारण झिजलेला कार्बन क्षणभर जागेवर बसतो. पण दिवे चालता चालता मंद होत गेले, डॅशबोर्डवर बॅटरीचा लाल दिवा लागला आणि मग सकाळी गाडी उठलीच नाही, तर सेल्फ बिचारा निर्दोष आहे. त्याला खायला वीजच उरलेली नाही, आणि ती न भरणारा डायनमो आहे.

खऱ्या गाडीत हे मल्टिमीटरने दोन मिनिटांत कळतं. इंजिन बंद असताना चांगली भरलेली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास असते. इंजिन चालू केल्यावर तोच आकडा १४च्या जवळ गेला की डायनमो काम करतोय. चढलाच नाही तर डायनमोकडे, बेल्टकडे नाहीतर तिथल्या वायरींकडे बघा. गेममध्येही विजेच्या भागांसाठी मल्टिमीटर मिळतो आणि तो लवकर घ्यावा असं मी आग्रहाने सांगेन. भाग शोधून, खोलून, मग तो चांगलाच होता हे कळण्यापेक्षा आधी तपासणं केव्हाही बरं.

‘बेल्ट एका टोकाला, गिअरबॉक्स दुसऱ्या’ हा नियम मागे इंजिन असलेल्या गाडीतही टिकतो, फक्त चित्र फिरतं. पोर्शे ९११ मध्ये इंजिन मागच्या चाकांच्या मागे लटकलेलं आणि गिअरबॉक्स त्याच्या पुढे. म्हणजे बेल्ट मागच्या बंपरकडे आणि सेल्फ गाडीच्या पोटाकडे. त्यातही हवेने थंड होणाऱ्या जुन्या ९११ मध्ये डायनमो चक्क कूलिंग फॅनच्या मधोमध बसवलेला असतो, पात्यांच्या आत. पहिल्यांदा बघणारा तिथे पंखाच बघतो, डायनमो त्याच्या नजरेत येत नाही.

नियम मोडणारी यंत्रं मात्र आपल्या दारातच उभी आहेत. मारुतीने २०१५ मध्ये सियाझमध्ये एसएचव्हीएस ही हलकी हायब्रिड यंत्रणा आणली. त्यात सिग्नलला आपोआप बंद झालेलं इंजिन पुन्हा सुरू करायला आणि बॅटरी चार्ज करायला बेल्टवरचं एकच यंत्र असतं. आणि २०२० च्या सुरुवातीला आलेल्या ॲक्टिव्हा सिक्स-जीचं बटण दाबून बघा. जुन्या स्कूटरचा तो खर्र आवाज येत नाही, इंजिन गपचूप चालू होतं. कारण तिथे दात्यांत उडी मारणारा पिनियनच नाही. जो जनरेटर चालत्या गाडीत चार्जिंग करतो तोच आधी क्षणभर मोटर होऊन क्रँक थेट फिरवतो. भाच्याला हे सांगितलं तर तो लगेच खाली जाऊन आईची स्कूटर दोनदा चालू-बंद करून आला, आणि म्हणाला, “मामा, खरंच आवाज नाही.”