सीपीआर व एईडीविषयी लोकांची जाण (बेळगाव सीमाभाग)

हृदय अचानक बंद पडलेल्या माणसाच्या छातीवर हातांनी दाब देत मेंदूला रक्त पोहोचवत राहणे म्हणजे सीपीआर. अशा हृदयाला विजेचा झटका देऊन ठोका पूर्ववत करू पाहणारे स्वयंचलित यंत्र म्हणजे एईडी. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या कर्नाटकातील तालुक्यांत मराठी भाषकांना दोन्हींविषयी असलेली माहिती असमान आहे. मोबाइलवरच्या व्हिडिओंमुळे सीपीआर हे नाव घरोघरी पोहोचले. पण डोळ्यांदेखत माणूस कोसळल्यावर त्याच्या छातीवर हात ठेवणारे अजून थोडेच आहेत.

कोणी कोसळले की भोवती गर्दी जमते. कोणी तोंडावर पाणी मारतो, कोणी कांदा हुंगवतो, कोणी तळपाय चोळतो, आणि लगेच ‘गाडीत घाला, बेळगावला न्या’ असा गलका होतो. यामागे शहरातल्या दवाखान्यांवरचा विश्वास आहे. जिल्हा रुग्णालय आणि केएलई संस्थेचे डॉ. प्रभाकर कोरे रुग्णालय येथे सीमेपलीकडच्या चंदगडचेही रुग्ण येतात. छातीत कळ आली आहे, पण माणूस शुद्धीवर आहे, अशा वेळी ही घाई योग्यच. कर्नाटक सरकारने २०२३ मध्ये सुरू केलेल्या पुनीत राजकुमार हृदय ज्योती योजनेत रक्ताची गुठळी विरघळवणारे महागडे इंजेक्शन तालुका रुग्णालयांतही मोफत मिळते. हृदयच थांबले असेल तर मात्र हिशेब वेगळा. चार-पाच मिनिटांत मेंदूला इजा होऊ लागते आणि झटक्याविना, दाबाविना जाणाऱ्या दर मिनिटाला वाचण्याची शक्यता ७ ते १० टक्क्यांनी घटते. खानापूर ते बेळगाव अंतर सुमारे २५ किलोमीटर आहे. भीमगड अभयारण्यातील आमगावसारख्या गावांतून तर पावसाळ्यात रुग्णाला खांद्यावरून आणावे लागल्याचे प्रसंग घडले आहेत. तिथे पहिली मदत शेजाऱ्याकडूनच मिळू शकते.

सर्वांत घातक गैरसमज श्वासाविषयी आहे. हृदय थांबल्यावरही काही मिनिटे माणूस मासळीसारखा तोंड उघडून आचके देतो, घशातून घरघर येते. ‘अजून श्वास चालू आहे’ म्हणून लोक थांबतात आणि नेमकी मोलाची मिनिटे निघून जातात. हाका मारून, खांदे हलवूनही प्रतिसाद नाही आणि श्वास नीट नाही, एवढे दिसले की दाब द्यायला सुरुवात करावी. नाडी शोधत बसू नये.

रुग्णाला कडक जमिनीवर उताणे झोपवावे. पलंगावर किंवा धावत्या गाडीत दाब नीट बसत नाही. छातीच्या मधोमध तळहाताची टाच, त्यावर दुसरा हात, कोपरे ताठ. प्रौढांमध्ये छाती ५ ते ६ सेंटिमीटर खाली जाईल असा दाब मिनिटाला १०० ते १२० वेळा द्यावा आणि दर दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्यावी. इतक्या जोराने दाबताना बरगडी मोडू शकते, तरीही थांबू नये. दोन मिनिटांत दमायला होते, म्हणून माणसे आलटून-पालटून लागतात. इंडियन रिससिटेशन कौन्सिलने २०१७ मध्ये सामान्य लोकांसाठी केवळ छातीवर दाब देण्याची पद्धत सांगितली. तोंडाने श्वास देण्याच्या संकोचामुळे अडणाऱ्यांना ती सोपी पडते. मलप्रभा नदीत किंवा विसर्जनात बुडालेल्यांना मात्र, श्वास देण्याचे प्रशिक्षण घेतलेला माणूस असल्यास, श्वासही द्यावेत. शेतातल्या मोटारीचा शॉक बसला असेल तर आधी वीज तोडावी. १०८ वा ११२ ला फोन करताना गाव, तालुका आणि राज्यही सांगावे. सीमेवरच्या गावांत हे विशेष महत्त्वाचे.

एईडीची भीती अनाठायी आहे. झाकण उघडून चालू केले की यंत्र बोलून सूचना देते, हृदयाची लय स्वतः तपासते आणि गरज नसेल तर झटका देत नाही. एक पॅड उजव्या गळपट्टीच्या हाडाखाली, दुसरा डाव्या काखेखाली लावायचा. चित्रे पॅडवरच असतात. ओली छाती पुसून घ्यावी. रुग्ण बाई असेल तर लोक बिचकतात, आणि बाहेरच्या देशांतील अभ्यासांतही स्त्रियांना अशी मदत कमी मिळते असे दिसले आहे. ब्लाउज कापावा, मंगळसूत्र बाजूला सारावे आणि बायकांनी भोवती पदराचा आडोसा धरावा. काम अडत नाही.

पोलिसांचा ससेमिरा नको म्हणूनही लोक मागे सरतात. अपघातग्रस्ताला सद्भावनेने मदत करणाऱ्याला मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीने (कलम १३४ अ) संरक्षण दिले आहे.

सीमाभागात प्रशिक्षणाची भाषा हा खरा प्रश्न आहे. कन्नड वा इंग्रजीतील फलक येळ्ळूर, उचगाव किंवा कणकुंबीच्या आजीला उपयोगी पडत नाही. गणेशोत्सव मंडळांचे कार्यकर्ते, तालमीतली पोरे आणि बचत गटातल्या बायका संकटात आधी धावतात. पुतळ्यावर दाब देण्याचा सराव मराठीतून त्यांच्याकडून करून घेतला, आणि दर वर्षी पुन्हा घेतला, तरच हात तयार राहतो.