बॅटरी घेण्याआधी आल्टरनेटर बघून घ्या

सकाळी सेल्फ मारला आणि नुसती टकटक झाली, की बहुतेकजण थेट बॅटरीच्या दुकानाची वाट धरतात. नवी बॅटरी बसते, गाडी चार दिवस छान चालते आणि पाचव्या दिवशी पुन्हा तीच टकटक. बॅटरी फक्त साठवते. तिला भरायचं काम बेल्टवर फिरणाऱ्या आल्टरनेटरचं. (जुने ड्रायव्हर त्याला अजून डायनामो म्हणतात. तसं सांगितलंत तरी आम्हा गॅरेजवाल्यांना कळतं.)

घरी काय बघाल

चावी ऑन करा, इंजिन चालू करू नका. डॅशबोर्डवर बॅटरीचं लाल चिन्ह पेटलं पाहिजे आणि इंजिन चालू होताच विझलं पाहिजे. चालत्या गाडीत ते पेटून राहिलं तर लोक घाबरतात, ते बरोबरच आहे. पण चावी ऑन केल्यावर ते पेटतच नसेल, तर तिकडे कुणाचं लक्ष जात नाही. बऱ्याच गाड्यांत त्याच दिव्याच्या वायरीतून आल्टरनेटरला सुरुवातीचा करंट मिळतो. तो पोचला नाही, तर ठणठणीत आल्टरनेटरही गप्प बसतो.

साधा मल्टिमीटर असेल तर उत्तम. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीची भरलेली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. १२ च्या खाली असेल तर ती जवळजवळ रिकामी समजा. आता इंजिन चालू करून थोडी रेस द्या. आकडा साधारण १३.८ ते १४.५ वर यायला हवा. तो १२.३ वरच राहून हळूहळू खाली येत असेल, तर चार्जिंग होत नाही. १५ च्या वर गेला तर रेग्युलेटर, म्हणजे आपला कटआउट, बिघडलाय. अशी बॅटरी उकळते आणि ॲसिडचा वास येतो. नव्या गाड्यांत चार्जिंग कमी-जास्त करण्याचं काम कॉम्प्युटर करतो, म्हणून तिथे एकाच आकड्यावरून निकाल देऊ नका.

एक गोष्ट मात्र कधीच करू नका. चालू इंजिनावर बॅटरीचं टर्मिनल काढून ‘बंद पडते का’ बघणं ही जुन्या गाड्यांच्या काळातली सवय आहे. आजच्या गाडीत त्याने व्होल्टेज एकदम उसळून ईसीएम, म्हणजे इंजिन सांभाळणारा कॉम्प्युटर, जाऊ शकतो, आणि त्यापुढे आल्टरनेटरचं बिल किरकोळ वाटतं.

आम्ही काय बघतो

आधी बेल्ट, मग टर्मिनल, मेन फ्यूज, जाड वायर आणि अर्थिंग. आल्टरनेटर खोलायची पाळी त्यानंतर. हेडलाइट-ब्लोअर लावून मीटरची एक पिन आल्टरनेटरच्या जाड वायरीच्या बोल्टवर आणि दुसरी बॅटरीच्या प्लसवर ठेवतो. फरक ०.३ व्होल्टपेक्षा जास्त आला, तर करंट वाटेतच अडतोय. मायनसच्या बाजूलाही तेच करतो.

गेल्या पावसाळ्यात दोन बॅटऱ्या बदलून झालेली एक गाडी आली. आल्टरनेटरही बदला, असं मालकांना बाहेर सांगितलेलं. आल्टरनेटरच्या बोल्टवर १४.२ व्होल्ट होते आणि बॅटरीवर १२.५. मेन फ्यूजखालचा लग, म्हणजे वायरीच्या टोकाचा धातूचा जोड, हिरवा पडून भुसभुशीत झाला होता. नवा लग मारला, फ्यूजची बैठक घासली. मालक म्हणाले, “एवढंच?” हो, एवढंच.

दोष आतलाच असेल, तर पुष्कळदा कार्बन (आतल्या फिरत्या भागाला करंट पोचवणारे ब्रश) झिजून तांदळाच्या दाण्याएवढा उरलेला असतो. त्यासाठी अख्खा आल्टरनेटर बदलायची गरज नसते. डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) लीक असेल, तर उभ्या गाडीची बॅटरी रात्रीत उतरते. काही डिझेल गाड्यांत आल्टरनेटरच्या मागेच ब्रेकचा व्हॅक्यूम पंप असतो. त्याचं सील गेलं की तेल आत शिरतं. तिथे सील न बदलता नुसते कार्बन टाकणं म्हणजे पैसे पाण्यात.

वाटेत दिवा पेटला तर

आधी टेंपरेचरचा काटा बघा. अनेक गाड्यांत वॉटर पंपही त्याच बेल्टवर असतो. काटा चढत असेल तर बेल्ट तुटलेला असू शकतो. गाडी बाजूला घ्या आणि इंजिन बंद करा. काटा जागेवर असेल तर एसी, म्युझिक, मोबाइल चार्जर बंद करा, पण इंजिन बंद करू नका, कारण पुन्हा चालू होईलच असं नाही. दिवसा जवळचं गॅरेज गाठता येतं. गणपतीला कोकणात निघालात, रात्र आहे, पाऊस आहे, हेडलाइट आणि वायपर दोन्ही चालू आहेत, अशा वेळी घाटात शिरू नका. उजेड आणि वर्दळ असलेल्या ठिकाणी थांबा.

तपासणीसाठी गाडी शक्यतो सकाळी आणा. बॅटरी पूर्ण उतरलेली असेल, तर आधी तिला चार्जिंगला लावावं लागतं. त्याशिवाय लोड टेस्ट, म्हणजे बॅटरीवर भार टाकून केलेली तपासणी, खरी येत नाही. आणि तोवर जुनी बॅटरी एक्सचेंजमध्ये देऊन टाकू नका.