भारत-सोव्हिएत करार: नवव्या कलमातले दुर्लक्षित वाक्य

रशियाचा विषय निघाला की आपल्याकडे १९७१ निघतेच. डिसेंबर २०२५ मध्ये रशियाचे राष्ट्राध्यक्ष दिल्लीत येऊन गेले, तेव्हाही निघाले. बंगालच्या उपसागरात शिरलेली अमेरिकी विमानवाहू नौका आणि सुरक्षा परिषदेतले सोव्हिएत नकाराधिकार वाचकांना पाठ आहेत, ते पुन्हा सांगत बसत नाही. या सगळ्यामागे ९ ऑगस्ट १९७१ रोजी दिल्लीत सह्या झालेला वीस वर्षांचा मैत्री करार होता, हेही ठाऊक असते. त्या करारात नेमके काय कबूल केले होते, याबद्दल मात्र भलताच घोळ आहे. 'तेव्हा रशिया धावून आला, आता का येत नाही' हा प्रश्न त्याच घोळातून येतो.

पन्नासच्या दशकातली मांडणी समजायला सोपी होती. मॉस्को आणि बीजिंग १९५० च्या कराराने बांधलेले, पाकिस्तान १९५४-५५ पासून अमेरिकेच्या छत्राखालच्या दोन्ही लष्करी गटांत, आणि भारत या सगळ्याच्या बाहेर. ती दहा वर्षेही टिकली नाही. १९६० मध्ये मॉस्कोने चीनमधले आपले तंत्रज्ञ माघारी बोलावले. तरीही ऑक्टोबर १९६२ मध्ये, भारत-चीन युद्ध पेटलेले आणि मॉस्कोच्या गळ्याशी क्यूबाचा पेच आलेला असताना, सोव्हिएत पक्षाच्या मुखपत्राने भारताला चीनचा प्रस्ताव स्वीकारण्याचाच सल्ला दिला होता. वाऱ्याची दिशा बदलायला आणखी काही महिने लागले. मार्च १९६३ मध्ये पाकिस्तानने चीनशी सीमाकरार केला आणि पुढच्या वर्षी यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून शस्त्रखरेदीच्या बोलण्यांसाठी मॉस्कोला गेले. नाशिकजवळच्या ओझरचा मिग विमानांचा कारखाना याच काळातला.

इथवरची गोष्ट मैत्रीच्या सरळ रेषेसारखी सांगितली जाते. ती सरळ नव्हती. १९६५ च्या भारत-पाक युद्धानंतर मॉस्कोच्या मध्यस्थीने झालेल्या ताश्कंद करारापासून मॉस्कोला उपखंडात दोन्ही बाजूंशी संबंध हवे होते. पेशावरजवळ अमेरिकेचा एक टेहळणी तळ होता. १९६० मध्ये सोव्हिएत हद्दीत पाडले गेलेले ते प्रसिद्ध हेरविमान पेशावरहूनच उडाले होते. १९६८ मध्ये पाकिस्तानने त्या तळाचा भाडेपट्टा वाढवून द्यायला नकार दिला. मॉस्को खूश झाले आणि त्याच वर्षी पाकिस्तानला सोव्हिएत शस्त्रे द्यायचे ठरले, त्यात रणगाडेही होते. दिल्लीत संसदेत गदारोळ झाला. आपल्याकडच्या आठवणींतून हे वर्ष बहुधा गाळलेले असते, पण करार समजायचा तर सुरुवात इथूनच करावी लागते.

मार्च १९६९ मध्ये सोव्हिएत-चीन सीमेवरच्या उसुरी नदीतल्या एका निर्मनुष्य बेटावरून सोव्हिएत आणि चिनी सैनिकांत गोळीबार होऊन माणसे मेली. त्या उन्हाळ्यात मॉस्कोने आशियाच्या सामूहिक सुरक्षेची कल्पना मांडली आणि भारताशी कराराचा मसुदाही चर्चेत आला. दिल्लीला घाई नव्हती. चीनविरोधी आघाडीत ओढले गेल्याचा शिक्का नको होता. त्यातच काँग्रेस पक्ष फुटल्यामुळे सरकार अल्पमतात आले होते आणि डाव्यांच्या पाठिंब्यावर तरले होते. अशा वेळी सोव्हिएत करारावर सही म्हणजे विरोधकांच्या हातात आयते कोलीत. मसुदा फायलीत पडून राहिला. मार्च १९७१ च्या निवडणुकीने बहुमताचा प्रश्न मिटवला आणि त्याच महिन्यात ढाक्यात लष्करी कारवाई सुरू झाली.

मग जुलै उजाडला. अमेरिकी अध्यक्षांचे सुरक्षा सल्लागार दिल्लीत बोलणी करून पाकिस्तानात गेले. ८ जुलैला पोट बिघडल्याचे कारण पुढे करून ते नथियागलीच्या थंड हवेत विश्रांतीला गेल्याचे सांगण्यात आले. मोटारींचा एक ताफा खरोखरच डोंगराकडे रवाना झाला. सल्लागार मात्र दुसऱ्या दिवशी पहाटे रावळपिंडीच्या चकलाला विमानतळावरून पाकिस्तानच्या प्रवासी विमान कंपनीच्या बोइंगने बीजिंगला निघून गेले होते. १५ जुलैला ही गोष्ट जाहीर झाली. चीन मध्ये पडला तर अमेरिकेवर विसंबू नका, असे दोनच दिवसांनी भारतीय राजदूताला सुनावले गेल्याची नोंद भारतीय बाजूच्या आठवणींत आहे. फायलीतला मसुदा त्यानंतर महिन्याच्या आत सहीसाठी टेबलावर आला.

कराराची कलमे बारा. वाद झाला तो नवव्यावर. त्यात दोन वाक्ये आहेत. दुसरे सर्वांना माहीत असते: दोघांपैकी एकावर हल्ला झाला किंवा हल्ल्याचा धोका निर्माण झाला तर दोन्ही देश तातडीने विचारविनिमय करतील आणि तो धोका दूर करण्यासाठी योग्य ते परिणामकारक उपाय योजतील. कोणी सैन्य पाठवेल, असे कुठेही म्हटलेले नाही. अमेरिकेच्या नाटो करारात एका सदस्यावरचा हल्ला सर्वांवरचा मानला जातो, तसे इथे काही नाही. 'विचारविनिमय' हा शब्द दोघांनाही सोयीचा होता. दिल्लीला बीजिंगच्या कानावर काहीतरी घालायचे होते आणि मॉस्कोला हात मोकळे ठेवायचे होते.

पहिले वाक्य कोणी फारसे उद्धृत करत नाही. दुसऱ्या पक्षाशी सशस्त्र संघर्षात असलेल्या कोणत्याही तिसऱ्या देशाला कसलीही मदत करायची नाही, असे ते सांगते. १९६८ आठवून ते वाचले की दिल्लीने काय पदरात पाडून घेतले ते दिसते. युद्ध पेटले तर सोव्हिएत शस्त्रे पाकिस्तानला मिळणार नाहीत, हे लेखी झाले. चीनला धाक बसला की नाही यावर वाद घालता येतो, पण हे कलम काय बंद करत होते याबद्दल शंका नाही. माझ्या मते करारातली खरी कमाई हीच.

अलिप्ततावाद संपला का, हा तेव्हाचा मोठा वाद. चौथ्या कलमात सोव्हिएत संघ भारताच्या अलिप्ततेचा आदर करतो, असे मुद्दाम लिहून घेतले होते. टीकाकारांना ती मखलाशी वाटली. आपण अलिप्त आहोत हे दुसऱ्याच्या सहीने सिद्ध करावे लागते, यात गोम होतीच. सरकारची बाजू अशी की, ज्याला लष्करी तळ दिले नाहीत आणि ज्याच्या सैन्याबरोबर आपले सैन्य बांधले नाही, त्याच्याशी करार केल्याने गट होत नाही. सहा वर्षांनी काँग्रेसेतर सरकार आले. 'खऱ्या अलिप्तते'ची भाषा झाली, पण करार कोणी मोडला नाही.

नववे कलम प्रत्यक्ष वापरलेही गेले. ऑक्टोबर १९७१ मध्ये सोव्हिएत उपपरराष्ट्रमंत्री दिल्लीत आले आणि ही चर्चा त्या कलमाखाली झाली असे जाहीर करण्यात आले. मात्र मॉस्कोला युद्ध हवे होते असे समजण्याचे कारण नाही. शरद ऋतूपर्यंत सोव्हिएत निवेदनांत राजकीय तोडग्याचीच भाषा होती आणि बांगलादेशाला मान्यता मिळाली ती युद्ध संपून महिना उलटल्यावर, जानेवारी १९७२ मध्ये. डिसेंबरच्या नकाराधिकारांनी भारतीय फौजांना हवे ते दिवस मिळवून दिले, हे खरेच. पण आमसभेत ७ डिसेंबरला युद्धबंदी आणि सैन्यमाघारीचा ठराव १०४ विरुद्ध ११ असा भारताच्या विरोधात गेला. अलिप्त मित्रांपैकी बहुतेक जण त्या १०४ मध्ये होते. भारताच्या बाजूला भूतान आणि सोव्हिएत गटातले देश, बस्स. त्या दिवसाची आठवण दिल्लीच्या परराष्ट्र खात्यात किती खोल गेली असेल, ते पुढच्या अनेक मतदानांत दिसते. जानेवारी १९८० मध्ये अफगाणिस्तानच्या ठरावावर भारत तटस्थ राहिला, हे त्यातलेच एक.

करार ऑगस्ट १९९१ मध्ये आणखी वीस वर्षांसाठी वाढवण्यात आला. डिसेंबरात करार करणारा देशच उरला नाही. जानेवारी १९९३ मध्ये रशियाच्या राष्ट्राध्यक्षांनी दिल्लीत नव्या करारावर सही केली. परस्परांच्या सुरक्षेला बाधा येईल असे काही करायचे नाही, अशी सौम्य भाषा त्यात आली. जुन्या नवव्या कलमातले पहिले वाक्य त्या शब्दांत परत आले नाही. त्या वेळी आपले लक्ष सोव्हिएत काळातल्या कर्जाच्या रुपया-रुबल थकबाकीवर होते.

त्याचे परिणाम दिसायला वीस वर्षे गेली. २०१४ मध्ये मॉस्कोने पाकिस्तानला शस्त्रे विकण्यावरची बंदी उठवली आणि पुढच्या वर्षी चार लढाऊ हेलिकॉप्टरांचा सौदा केला. सप्टेंबर २०१६ मध्ये उरीच्या हल्ल्याला आठवडाही झाला नव्हता, तेव्हा रशियन आणि पाकिस्तानी सैन्याचा पहिला संयुक्त सराव सुरू झाला. दिल्लीने नाराजी कळवली, सराव झालाच. अर्थात ही वाट एकेरी नव्हती. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये भारताने अमेरिकेशी लष्करी रसद-सुविधांचा करार केला होता, २०१८ मध्ये संपर्क यंत्रणांचा झाला आणि २०२० मध्ये, गलवाननंतर चार महिन्यांनी, भू-अवकाशीय माहितीचा. भारताच्या शस्त्र आयातीत रशियाचा वाटा २०१०-१४ या काळात ७२ टक्के होता, २०२०-२४ मध्ये तो ३६ टक्क्यांवर आला.

४ फेब्रुवारी २०२२ रोजी रशिया आणि चीनने आपल्या मैत्रीला 'मर्यादा नाहीत' असे जाहीर केले. वीस दिवसांनी युक्रेनवर हल्ला झाला. १९७१ चा करार ज्या भांडणाच्या फटीतून जन्मला, ती फट आता बुजलेली आहे. मॉस्को बीजिंगला दुखावून भारतासाठी काही करेल, असा हिशेब आज मांडता येत नाही. दिल्लीने तरीही संयुक्त राष्ट्रांत तटस्थ राहणे पसंत केले आणि स्वस्त रशियन तेल घेतले. युद्धापूर्वी आपल्या आयातीत नगण्य असलेले हे तेल २०२३ मध्ये एक तृतीयांशाच्या वर गेले. ऑगस्ट २०२५ मध्ये त्याच तेलाचे कारण देऊन अमेरिकेने भारतीय मालावर आणखी २५ टक्के आयातशुल्क लादले आणि एकूण शुल्क ५० टक्क्यांवर गेले. त्याच महिन्याच्या शेवटी भारताचे पंतप्रधान सात वर्षांनी चीनमध्ये, त्यांजिनच्या परिषदेला गेले.

डिसेंबरातल्या दिल्ली भेटीत भर होता तो २०३० पर्यंत १०० अब्ज डॉलर व्यापार गाठण्यावर, इंधनपुरवठ्यावर आणि भारतीय कामगारांना रशियात कामासाठी जाता यावे यावर.