बॉनेटची मागची कड उचलली की इंजिन थंड राहतं का?

उन्हाळा लागला की गॅरेजांमध्ये एक उपाय हमखास सुचवला जातो. बॉनेटच्या बिजागऱ्यांखाली १०-१५ मिलिमीटर जाडीचे वॉशर घालायचे, काचेकडची कड वर येते आणि त्या फटीतून इंजिनाची धग निघून जाते. कारण सांगतात ते शाळेतलंच: गरम हवा वर जाते. ते खरंही आहे. पण किती जोराने जाते, हे मोजल्याशिवाय उपायाची किंमत कळत नाही.

इंजिनाभोवतीची हवा ८० अंश सेल्सिअस आणि बाहेरची ३५ अंश धरू. बाहेरच्या हवेची घनता घनमीटरला सुमारे १.१५ किलो, आतल्या गरम हवेची १ किलो. गाडीच्या खालच्या बाजूपासून फटीपर्यंतची उंची ६० सेंटिमीटर. घनतेतला फरक, गुरुत्वत्वरण आणि उंची यांचा गुणाकार, म्हणजे ०.१५ × ९.८ × ०.६, येतो जेमतेम ०.९ पास्कल. गरम हवेला वर ढकलणारा दाब एवढाच.

आता गाडी धावू द्या. समोरून येणाऱ्या हवेचा गतिज दाब म्हणजे घनता गुणिले वेगाचा वर्ग, त्याचा निम्मा. ताशी १०० किलोमीटरला तो सुमारे ४४५ पास्कल होतो. हा पूर्ण दाब मिळतो तो गाडीच्या नाकावर. तिथून हवा बॉनेटच्या पुढच्या कडेवरून वळताना वेग घेते आणि तिचा दाब वातावरणाच्याही खाली उतरतो. मग पुढे काच आडवी येते, हवा मंदावते आणि दाब पुन्हा चढतो. काचेच्या बुडाशी, वायपरच्या खोबणीत, तो बाहेरच्या हवेपेक्षा जास्त असतो. किती जास्त, हे काचेच्या उतारावर ठरतं. हिशेबापुरता गतिज दाबाच्या ३० टक्के धरू. १०० च्या वेगाला ते झाले १३३ पास्कल. आणि ताशी अवघ्या १० किलोमीटरला? १.३ पास्कल. गरम हवेचा ०.९ पास्कलचा जोर इथेच मागे पडतो.

इंजिनकक्षात रेडिएटरमधून येणाऱ्या हवेचाही दाब असतो, पण बहुतेक गाड्यांत तो खोबणीतल्या दाबापेक्षा कमी भरतो. म्हणून वेगात त्या फटीतून हवा बाहेर पडत नाही, उलट आत शिरते. त्याने इंजिनकक्षातला दाब वाढतो, रेडिएटरच्या पुढचा आणि मागचा दाब यांतला फरक घटतो आणि रेडिएटरमधून जाणारी हवाच कमी होते. केबिनमध्ये ताजी हवा घेणारी जाळी मोटार कंपन्या काचेच्या बुडाशी बसवतात ती याच दाबामुळे. १९६९ च्या शेव्हरोले कॅमेरोला मिळणाऱ्या एका खास बॉनेटचं तोंड काचेकडे होतं. कार्ब्युरेटरला, म्हणजे इंजिनासाठी हवा आणि पेट्रोल मिसळणाऱ्या भागाला, हवा पुरवायला ते तिथून हवा आत घेत असे.

गाडी उभी असताना मात्र फट थोडं काम करते, विशेषतः पंखा फिरत असताना. पण बाहेर पडलेली ती गरम हवा थेट केबिनच्या जाळीपाशी जाते आणि एसीवरचा भार वाढतो. बॉनेटच्या मागच्या कडेची रबरी पट्टी टेकेनाशी झाली आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्ड (इंजिनाचा धूर गोळा करणारा नळ) गळत असेल, तर कार्बन मोनॉक्साइडही त्याच वाटेने केबिनमध्ये येतो. पावसाचं पाणी इग्निशन कॉइलवर आणि फ्यूजबॉक्सवर पडतं ते वेगळंच.

याच पंगतीतला दुसरा सल्ला म्हणजे थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापल्यावर पाण्याला रेडिएटरची वाट उघडून देणारी झडप, काढून टाकणं. तो तर साफ चुकीचा आहे. काही इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना बायपासची, म्हणजे रेडिएटरला वगळून जाणारी, वाट बंद करतो. तो काढला की बरंच पाणी रेडिएटर टाळून फिरत राहतं आणि गाडी आणखी तापते.

घाटात तापमानाचा काटा खरंच चढत असेल, तर आधी एसी कंडेन्सर (रेडिएटरच्या पुढे बसवलेली एसीची जाळी) आणि रेडिएटर यांच्यामध्ये साचलेली धूळ काढा. पंखा ठरलेल्या तापमानाला लागतो का, रेडिएटरचं झाकण दाब धरतं का ते तपासा. मग रेडिएटरच्या कडेच्या फटी फोमने बुजवा, म्हणजे आलेली हवा बाजूने निसटणार नाही. इंजिनाखालचा पत्रा हवा खेळावी म्हणून काढू नका. बऱ्याच गाड्यांत गरम हवा त्याच्या मागच्या कडेतून बाहेर खेचली जाते.

आपल्या गाडीत फटीतून हवा कुठे जाईल, हे घरी मोजता येतं. ५-६ मिलिमीटर व्यासाची पारदर्शक नळी घ्या, तिला यू आकार देऊन फळीवर बसवा आणि रंगीत पाणी भरा. एक टोक इंजिनकक्षात, पंख्याच्या झोतापासून दूर ठेवा. दुसरं खोबणीत चिकटवा, पण तोंड वाऱ्याकडे नको. ताशी ६० ला खोबणीतला जादा दाब साधारण ५ मिलिमीटर पाण्याइतका. इंजिनकक्षाच्या तुलनेत फरक त्याहून कमी भरेल, म्हणून फळी लांबीत १० ला उंचीत १ एवढ्या उतारावर ठेवा, वाचन दहापट होतं. फळी गाडीच्या रुंदीत आडवी असू द्या, नाहीतर ब्रेक लावताना पाणी हलेल. सपाट रस्त्यावर, एकाच वेगात, शेजारी बसलेल्याने वाचायचं. खोबणीकडच्या भुजेतलं पाणी खाली गेलं, तर फट हवा आत ओढणार. मग तेच टोक बॉनेटवर थोडं थोडं पुढे सरकवत न्या. जिथे पाणी उलट्या बाजूला सर्वाधिक सरकतं, बहुधा रेडिएटरच्या लगेच मागे, तीच बॉनेटमधून गरम हवा बाहेर काढणाऱ्या झरोक्यांची खरी जागा.