डब्यातल्या वाऱ्याची वाट

गोव्यातल्या डिचोलीच्या बाजारात अजूनही माणूस 'सीपीयू दुरुस्तीला आणलाय' म्हणत अख्खा डबाच काउंटरवर ठेवतो. सीपीयू म्हणजे आतली काडेपेटीएवढी चिप आणि बाहेरच्या डब्याला दुकानात कॅबिनेट म्हणतात, हे माहीत असणारेही बोलताना तसंच बोलतात. घरी पीसी जुळवायला निघालेला मुलगा मात्र कॅबिनेटवर पैसे घालवायला शेवटी तयार होतो, आणि तेही लाइट लागत असतील तर. प्रोसेसर, ग्राफिक्स कार्ड, रॅम ठरली की उरलेल्या पैशात डबा. ही सवय कुठून आली हे समजायला चाळीस वर्षं मागे जावं लागतं.

12 ऑगस्ट 1981 रोजी आयबीएमने पहिला पीसी आणला तेव्हा आतल्या 8088 प्रोसेसरचा वेग 4.77 मेगाहर्ट्झ होता आणि त्याच्यावर हीट सिंक, म्हणजे उष्णता ओढून घेणारा धातूचा पात्यापात्यांचा ठोकळासुद्धा नव्हता, पंखा तर दूरच. वीज पुरवणारा भाग, म्हणजे एसएमपीएस, 63.5 वॅटचा, आणि त्यातला एकुलता एक पंखा सगळ्या डब्याची गरम हवा बाहेर फेकायचा. तेवढ्यात भागत होतं. 1984 च्या एटी मॉडेलने सगळे भाग ज्यावर बसतात त्या मदरबोर्डचा आकार आणि स्क्रूंच्या जागा ठरवून दिल्या, आणि पुढची दहाएक वर्षं जगभरचे नकलाकार त्याच मापाने बदामी रंगाचे डबे ठोकत राहिले. त्या काळी डबा म्हणजे पत्रा. त्यात निवडण्यासारखं काही नव्हतंच.

मग चिपा तापू लागल्या. इंटेलच्या 1992 च्या 486 डीएक्स-2 प्रोसेसरला हीट सिंक लागला, 1993 च्या पेंटियमवर पंखा चढला. इंटेलने 1995 साली एटीएक्स हे नवं माप आणलं: बोर्ड 305 बाय 244 मिलिमीटर, आणि प्रोसेसर एसएमपीएसच्या जवळ. या जवळिकीमागे हेतू होता. एसएमपीएसच्या पंख्याने बाहेरची हवा आत ओढून थेट प्रोसेसरवर सोडायची, म्हणजे वेगळ्या पंख्याचा खर्च वाचेल. कागदावर छान. प्रत्यक्षात ती हवा आधी एसएमपीएसमध्ये तापून येई, आणि आली की धूळही घेऊन येई. पंख्याची दिशा लवकरच उलटी झाली, बोर्डचं माप मात्र राहिलं. आज तुम्ही घेता तो बोर्ड बहुधा त्याच मापाचा, नाहीतर त्याचीच छोटी भावंडं: 1997 चा मायक्रो-एटीएक्स किंवा 2001 साली व्हियाने काढलेला 170 मिलिमीटर चौरसाचा मिनी-आयटीएक्स.

गोव्यात घरोघरी संगणक पोचले ते साधारण या टप्प्यावर. पर्रीकर सरकारच्या सायबरएज योजनेत अकरावीच्या मुलांना संगणक मिळाले. ज्यांना ते मिळाले नाहीत, त्यांनी म्हापशाच्या नाहीतर पणजीच्या दुकानातून 'असेंबल्ड' घेतला. आमचा दुसऱ्या गटातला. सुटे भाग मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून रात्रीच्या बसने येत, आणि कॅबिनेटबरोबर एसएमपीएस फुकट. त्याच्यावर 450 वॅटचा स्टिकर असे. एसएमपीएस वजनाला इतका हलका होता की स्टिकर चिकटवणाऱ्यालाही हसू आलं असेल. 'डब्यावर खर्च कशाला?' ही समजूत तिथेच मुरली.

2004 हे वर्ष या गोष्टीतलं वळण. पेंटियम 4 च्या प्रेस्कॉट पिढीतल्या वरच्या चिपा 115 वॅटपर्यंत गेल्या. म्हणजे पहिल्या पीसीच्या अख्ख्या डब्याला मिळायची त्याच्या जवळजवळ दुप्पट वीज एका चिपेत. इंटेलने त्या सुमारास डबेवाल्यांसाठी एक नियम लिहिला होता, आणि मला तो आजही फार शहाणा वाटतो. खोलीत 35 अंश तापमान असताना प्रोसेसरच्या पंख्याच्या तोंडाशी पोचणारी हवा 38 च्या वर जाता कामा नये. तीन अंशांची सूट, बस. त्यासाठी कॅबिनेटच्या बाजूच्या पत्र्याला भोकं पाडून आतून प्लास्टिकची नळी बसवली, तिचं तोंड बरोबर प्रोसेसरवर. बाहेरची ताजी हवा मधे कुठेही न तापता थेट चिपेवर. त्या नळीचा कॅबिनेट दिसायला औषध फवारण्याच्या पंपासारखा, पण मे महिन्यातल्या डिचोलीसाठी त्याहून योग्य डबा मी नंतर पाहिला नाही. इथे खोली 33–34 ला असते, आणि हवेवर चालणारा कुठलाही कूलर चिपेला खोलीपेक्षा थंड करू शकत नाही. खोली दहा अंशांनी तापली तर चिपही साधारण तेवढीच वर चढते. आमच्या दुकानदाराने मात्र जोडणी करताना सांगितलं होतं, "अहो, ही नळी काढून टाकूया, केबल अडकते." मी हो म्हटलं. पुढचे दोन उन्हाळे पीसी दुपारी आपोआप बंद पडायचा, आणि आम्ही दोष यूपीएसला द्यायचो.

इंटेलचा दुसरा उपाय होता बीटीएक्स: बोर्डची मांडणीच बदलून समोरून मागे सरळ वारा. काही मोठ्या कंपन्यांनी वापरला, घरी जुळवणाऱ्यांनी विचारला नाही. 2006 मध्ये इंटेलचाच नवा प्रोसेसर कोअर 2 ड्युओ 65 वॅटवर आला आणि गरजच संपली. त्याच वर्षी इंटेलने बीटीएक्सचा नाद सोडला.

नळी गेली ती वेगळ्या कारणाने. तोवर कूलर उभे झाले होते. आधीचा कूलर बोर्डकडे वारा फेकायचा. उष्णतावाहक तांब्याच्या नळ्यांचा मनोरा आला तो दीडेकशे मिलिमीटर उंच, आणि त्याचा वारा बोर्डला समांतर, समोरून मागे. बाजूच्या पत्र्यावरच्या भोकांचं कामच उरलं नाही. पंखे 80 मिलिमीटरचे 120 झाले. पात्यांचं क्षेत्र सव्वादोन पट, म्हणजे तेवढीच हवा कमी फेऱ्यांत आणि कमी आवाजात. 2005 च्या अँटेक पी-180 या कॅबिनेटने एसएमपीएस खाली नेला. 2009 मध्ये कॉर्सेअरचा एच-50 आला, डेन्मार्कच्या असेटेकने बनवलेला, पाणी आधीच भरून बंद केलेला कूलर. पाण्याचं कूलिंग त्यामुळे हौशी माणसाच्या आवाक्यात आलं. पण शेवटी तेही पाणी रेडिएटरमधून खोलीच्याच हवेत उष्णता सोडतं.

पुढचं दशक दिखाऊपणाचं. सीडी-ड्राइव्ह गेले, समोरची जागा मोकळी झाली. 2014 च्या एनझेडएक्सटी एच-440 कॅबिनेटने त्या ड्राइव्हचे खणच काढून टाकले. मोकळ्या जागेत वारा यायला हवा होता, तिथे काच आली. समोर काच, बाजूला काच, आत रंगीत पंखे, आणि हवेला बोटभर फट. 2017 च्या फ्रॅक्टल मेशिफाय-सी सारख्या जाळीच्या डब्यांनी फॅशन हळूहळू परतवली. ती परतली नसती तर 2022 च्या 450 वॅटच्या आरटीएक्स 4090 ग्राफिक्स कार्डाने परतवलीच असती.

हा सगळा इतिहास उष्णतेचा. गोव्याची दुसरी अडचण त्यात कुठेच नाही: मीठ. हवेतली आर्द्रता 75 टक्क्यांच्या वर गेली की साधं मीठ हवेतलं पाणी ओढून ओलं होतं, आणि जुलैत इथली हवा त्याच्या खाली क्वचितच उतरते. समुद्राकडून येणारे खारट कण धुळीत बसतात, धूळ पंख्यावर, आणि पावसाळ्यात त्याचा लगदा होतो. पत्र्याच्या कापलेल्या कडा, जिथे जस्ताचा मुलामा नसतो, तिथून गंज सुरू होतो. हीट सिंकच्या ॲल्युमिनियमच्या पात्यांवर पांढरी भुकटी धरते. आमच्या भागात धुळीचा रंगही तांबडा असायचा. 2012 साली खाणी थांबल्यावर फिल्टर करडे निघायला लागले.

चालू पीसीला दमट हवा फारशी बाधत नाही, कारण आतलं सगळं खोलीपेक्षा गरम असतं आणि गरम पत्र्यावर दव धरत नाही. बंद पडून राहिलेला पीसी मरतो. आई कपड्यांच्या कपाटात पावसाळाभर झिरोचा दिवा लावून ठेवायची, तसाच मी चतुर्थीपर्यंत पीसी रोज तासभर तरी चालू ठेवतो. नव्या कॅबिनेटमध्ये पाहतो ते एवढंच: समोर जाळी, बाहेरून ओढून नळाखाली धुता येणारा फिल्टर, आणि आत हवा घेणारे पंखे बाहेर टाकणाऱ्यांपेक्षा एखादा जास्त, म्हणजे हवा फटींतून न शिरता फिल्टरमधूनच येते.

ती काढून टाकलेली नळी अजून माळ्यावर आहे. मध्यंतरी नव्या डब्यात लावून पाहिली. मनोरा कूलरच्या डोक्याला आपटते.